दोन पेन्सिल सेल

मोबाईल वॉलच्या चेंबरात पडला, त्याला आज आठ दिवस.
दुरुस्तीवाला म्हणतो, तांदळात ठेवलाय.
मी विचारलं, कुठल्या, बासमती की इंद्रायणी?
तो हसला नाही.

म्हणून शनिवारी बेळगावला उतरलो
आणि खडेबाजारात ही बॅटरी घेतली,
एकशे दहा रुपयांची.

पिवळी. सगळी प्लास्टिक.
हातात आली तेव्हा वाटलं, हा नुसती डबीच देऊलालाय,
आतली वस्तू विसरलाय.
दोन अर्धुकं जिथं जोडलीत तिथं एक रेघ,
अंगठ्याला लागते, नव्यानं आलेल्या दातागत.
मागची टोपी दीड आट्यात घट्ट,
अजून फिरवली की परत ढिली.
काचेच्या जागी काच नाही.

दुकानदार म्हणाला, बेळकु चलो ऐति, नोडरी,
आणि भर दुपारी माझ्या तळहातावर उजेड पाडला.
उन्हात कुठला दिसायला!
ऐति ऐति, म्हणालो,
आणि पैसे दिले.

बाबांची होती ती स्टीलची.
तीन मोठे सेल, वजन बत्त्याएवढं.
कुत्र्यावर नुसती उगारली तरी कुत्रं
आठवडाभर दुसऱ्या गल्लीत राहायचं.
खरं उजेड? कंदिलाचा धाकटा भाऊ.
शेवटी सेल फुटले, आत पांढरं मीठ धरलं,
तरी बाबा पाणी सोडायला जाताना ती न्यायचेच,
काठी म्हणून.

बेळगुंदीला पोचून बघतो तर सेल नाहीत.
डबीवर लिहिलेलं होतं, बारीक, इंग्रजीत.
खरं ही साध्या सेलवर चालते, एवढी तिची थोरवी.
एक भिंतीवरच्या घड्याळातला काढला,
एक धाकटीच्या टाळ्या वाजवणाऱ्या माकडातला.
घड्याळ नऊ वीसला थांबलं.
माकड हात पसरून थांबलं,
टाळी अर्धी.

भारता म्हणाली, आता किती वाजले ते कुणाला विचारायचं?
म्हटलं, माझ्या अंगात घड्याळ आहे,
सतरा वर्षं साडेतीनला उठतो.

खटकन लागली.
पांढरा उजेड, कडेला निळसर,
मधोमध एक काळा ठिपका.
कौलांखालचे सगळे कोळी एकदम दिसले.
बंद करा, भारता म्हणाली,
उद्या मलाच झाडायला लागेल.

रात्री अंगातलं घड्याळ वाजलं. उठलो.
रताळ्यांच्या वेलींवर दव,
कुत्री भुंकली, मग आवाज ओळखून गप्प झाली.
चेंबरचं झाकण उचललं आणि आत उजेड टाकला.
सतरा वर्षं चाचपून फिरवतोय,
त्या वॉलचं तोंड पहिल्यांदा बघितलं.
लोखंडावर उठावाची अक्षरं, गंजानं निम्मी खाल्लेली,
उद्यमबागेतल्याच कुठल्यातरी फौंड्रीची.
खाली एक बाण, कुठल्या अंगाला उघडायचं ते सांगणारा.
बाणाच्या टोकावर बेडूक.
त्यानं डोळे मिटले, हलला नाही.

पाणी सोडलं.
नळ खोकले, गल्ली जागी झाली,
घागरी, बादल्या, एक रिकामा रंगाचा डबा.
कल्लव्वा दारातनं म्हणाली, आत्ता तर आडवी झालते की गा!
कुणीतरी मोबाईल बघितला.
एक वाजून पाच मिनिटं.
शिव्या दोन्ही भाषांत पडल्या, काही मला नवीन होत्या.
खरं एकानंही नळ बंद केला नाही.

मग निंगाप्पा म्हणाला, नवीन का? दाखव बघू.
तोलून बघितली. हलकी आहे गा.
ती हातोहात गल्लीभर फिरली.
कल्लव्वानं आपल्या पिंपात मारून बघितली,
उजेड सरळ तळाला गेला, तिथं एक स्टीलचा चमचा.
हा माझा नव्हे, म्हणाली, आणि हसली.
शेजारीण हसली नाही.

सकाळी उठलो तर धाकटी माकड घेऊन बसलेली.
तिला ती अर्धी टाळी पुरी करून पाहिजे.
घड्याळात अजून नऊ वीस.
दुकान उघडलं असेल की नाही, कोण जाणे.
सेल आणायला पाहिजेत,
दोन.