पाव एचपी

खंबाला हिलच्या उतारावर, बंद गेस्ट हाउसच्या मागे
तळ्याची मोटर जळली म्हणून बोलावणं आलं.
वडलांचं वाइंडिंगचं दुकान आता मी चालवते.
पिशवीत पान्हे, तांब्याची तार, टेस्टर.

समोर लाल चौकट, दार नसलेली.
"हयसून ये, बाय," सीताराम घाडी म्हणाले,
"कडेन. मधली वाट तेची."
मी कडेने शिरले.

देव कुठला?
"जपानी. सायबान हाडल्यान.
सायब गेलो, तीन वर्सां झाली. ह्यो ऱ्हवलो."

हात धुवायची बांबूची पळी फुटली,
आता करवंटीचा डवला.
दोरीला लोंबणारे पांढरे कागद
जुन्या लेजरच्या कोऱ्या पानांतून कापलेले.
साहेबांनी जपून लावलेलं शेवाळ
दगडावर कधी धरलंच नाही.
शेजारच्या टॉवरच्या गळक्या पाइपामागे मात्र
बोटभर जाड, हिरवंगार, कुणी न मागितलेलं.

सकाळी दाताळ्याने ओढलेल्या खडीवरच्या रेघांतून
एक कावळा चालत गेला.
"जांव दे. परत वडतलंय."

मासे सात होते, चार उरले.
एक पांढरा, कपाळावर कुंकवाएवढा लाल,
तोंड वर काढून हवा गिळत होता.

मोटर उघडली. बेअरिंग गेलेलं,
आत एक गोगलगाय, शिजलेली.

दुपार झाली. मी स्विचकडे हात नेला तर म्हणाले, थांब.
चपला काढल्या. दोनदा वाकले, दोन टाळ्या,
तेवढं बाईसाहेबांनी शिकवलेलं.
पुढचं त्यांच्या घराण्यातलं:
"बा देवा म्हाराजा, तू खयचो, मी खयचो,
तुजी भास माका येना नाय, माजी तुका कळना नाय,
तरीय ह्या चेडवाच्या हाताक यश दी,
पाणी चालू ऱ्हवांदे, मासे जगांदेत,
आनी हेड ऑफिसातलो पगार येळेर येवांदे, म्हाराजा..."
थांबले. माझ्याकडे बघत राहिले.
गाऱ्हाण्याला दुसरं कुणी लागतं.
आम्ही घाटावरचे. तरी म्हटलं,
होय म्हाराजा.

आधी नुसता खोकला, मग गढूळ, मग पाणी.
बांबूची नळी भरली, वाकली, दगडावर आपटली.
टक्.
घाडी दचकले. तीन महिने ऐकलं नव्हतं.

लाकडी घुमटीची दारं बंदच.
आत काय आहे?
"मी उघडून बघूक नाय. तूय बघू नको."

बिलावर कामाचं ठिकाण लिहावं लागतं.
बंगला लिहिलं, खोडलं. देऊळ लिहिलं.
"हेड ऑफिस पास करूचा नाय," ते म्हणाले.
मग नुसतं लिहिलं, मोटर, पाव एचपी, एक नग.

बाहेर रस्ता मोकळा होता, उन्हाचा.
मी बराच वेळ कडेनेच चालत राहिले.