कुठं चावतंय

लॅबमधल्या रबरी माणसाला आम्ही आबा म्हणायचो.
त्याला शीर होती, छाती वर-खाली व्हायची,
आवाज तेवढा काचेपलीकडच्या कवठेकर मॅडमचा,
मुद्दाम खोकत, कागलच्या म्हाताऱ्यागत:
"पोरी, थंडी वाजाय लागलीया."

"थांबा हं आबा," मी म्हणाले.
रक्ताची पिशवी चढत होती.
मी थेंब मोजले, तक्ता भरला,
अक्षर नीट यावं म्हणून पेन झटकलं.
बाराव्या मिनिटाला पडद्यावरची रेघ आडवी झाली.

दिवे लागले. आबा तसाच, उघड्या डोळ्यांनी,
मेल्याचा राग नसलेला.

मग खुर्च्यांचं रिंगण.
वाटलं, आता चुका मोजतील.
मॅडमनी एवढंच विचारलं,
"तो बोलला तेव्हा तू कुठं होतीस, यशोधरा?"
खाली रस्त्यावर कुणाची तरी वरात अडली होती.
ती पुढं सरकेपर्यंत मी गप्प.
मग म्हणाले, "अक्षरात."
कुणी हसलं नाही.

रात्री डायरीत लिहायचं होतं, काय कळलं ते.
सुभाषनगरात दादा दिव्याखाली बूट शिवत होते,
मांडीत लाकडी पाय धरून.
तो पाय कधी चालला नाही, कळ आली म्हणाला नाही,
त्याच्यावर सगळंच मापात बसतं.
म्हणून गिऱ्हाईक आलं की माझा बाप
पैसे घ्यायच्या आधी त्याला बोळाच्या तोंडापर्यंत चालवतो,
परत आला की खाली बसून, वर बघत विचारतो,
"कुठं चावतंय?"
कुठंच नाही म्हणणाऱ्याला पुन्हा चालवतो.
मी तेवढंच लिहिलं.
मॅडमनी मार्क दिले नाहीत, रेघही मारली नाही.

फेब्रुवारीत खरा वॉर्ड.
राधानगरीकडच्या आक्काताई, रक्त चालू,
ओठ हलले: "गार लागतंय गं."
हात आधी नळीच्या चिमट्यावर गेला,
हाक नंतर फुटली.
धावपळ. ताप नाही, नाडी बरी.
डॉक्टर आले, बघून गेले.
इन्चार्ज सिस्टरनी मान वर केली,
"अगं, पंखा आहे डोक्यावर."

कान तापले माझे.
पंखा बंद केला, पायाशी बसले.
टाचांना भेगा, अंगठ्याशी घट्टा,
कुठल्या तरी चपलेनं जन्मभर चावलेला.
"आणि कुठं गार लागतंय, आक्का?"
त्यांनी पाऊल माझ्या तळहातात दिलं.
रबरासारखं गार होतं ते.
मग थोड्या वेळानं नव्हतं.