नमुना क्रमांक एकेचाळीस

पद्धत अशी :
चांगला फोटो घ्यायचा आणि आपणच बिघडवायचा.
थोडा धूसर, वरून दाणे पेरलेले,
कुठे एखादा ओरखडा.
मग दुरुस्त करायचा
आणि मूळ फोटोशेजारी ठेवून
डेसिबलमध्ये गुण द्यायचे.
चाळीस नमुने मी असे बिघडवले, सुधारले.
किन्हेकर मॅडम म्हणाल्या, सगळे आज्ञाधारक आहेत.
एक तरी असा आण
जो तू बिघडवलेला नाहीस.

नवतपा होता. बजाजनगरात
डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
लॅबमधल्या कूलरचा वाळा गेल्या वर्षीचा,
गारव्यापेक्षा आवाज जास्त.
सरजाबाई बारापात्रे टिमकीहून आल्या
दोन ऑटो बदलून,
डोक्यावर ओला दुपट्टा, पिशवीत उन्हासाठी कांदा
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला भाऊ.

डोमाजी. गिरणीचं रिंग खातं, रात्रपाळी.
कोपरा कसरीनं खाल्लेला,
डाव्या खांद्यावर पाणी शिरून सुकलेलं,
आणि सगळीकडे पांढरे ठिपके :
केसांवर, भुवयांवर,
यंत्रांमधल्या अंधारातसुद्धा.

मी लगेच ओळखले.
आमच्यात याला मीठ-मिरी म्हणतात,
पहिल्या सत्रातला धडा.
गाळणी सोपी असते.
ठिपक्याचे आठ शेजारी बोलवा,
नवांना काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत
रांगेत उभं करा, मधल्याला निवडा.
टोकाला उभा असेल त्याचं कुणी ऐकत नाही,
मधला येऊन बसतो त्याच्या जागी.
असं दीड कोटी वेळा.

खांद्याला वेगळी रीत.
उजव्या बाहीचे चौकोन उचलून डावीकडे बसवले,
रफूवाला आतल्या शिवणीतला धागा काढून
वरचं भोक बुजवतो तसे.
खाल्लेल्या कोपऱ्यात
बॉबिनची रांग होती तशीच पुढे वाढवली.
तिथे खरंच काय होतं, मला माहीत नव्हतं.
गणिताला रांगा आवडतात.

चार वाजता दाखवला.
डोमाजी उभा, केस काळेभोर, हवा स्वच्छ.
सरजाबाईंनी चष्मा पदरानं पुसला,
पुन्हा पाहिलं.
"न्हाऊन आला का हा?"
मी हसलो. त्या हसल्या नाहीत.
"तो कापूस होता न, बाबू. काऊन पुसला?
सकाळी घरी ये तं भुवया पांढऱ्या.
माय म्हणे, एका रातीत म्हातारा झाला माह्या पोरगा.
मंग खोकला.
डाक्टरनं टीबी लिहला.
आमी काय म्हणतो, लिहला तं लिहला."

कूलरचं पाणी संपलेलं,
पंखा कोरडाच फिरत होता.
मी पायरी-पायरीनं मागे गेलो.
ठिपके परत आले, सगळे एकदम,
कापूस कुठला, बुरशी कुठली
माझ्या कुठल्याच गाळणीला सांगता येईना.
मग त्यांनीच काचेवर बोट ठेवलं.
हा कापूस. हा बुरा. हाही कापूस.
हा... नाही आठवत, राहू दे.
तासभर.
कोपऱ्याशी आल्या, थांबल्या.
"इथं खिडकी होती. सांगे तो.
उघडू देत नोते."

प्रबंधात तक्ता आहे.
नमुना एकेचाळीस. मूळ प्रत : नाही.
गुणांची चौकट मी कोरी सोडली.
मॅडमनी तिच्याभोवती पेन्सिलनं गोल केला :
इथे आकडा हवा.
खिडकी कशी काढू, हेही मी विचारलं होतं.
त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

प्रिंट पिशवीत ठेवून सरजाबाई दारापर्यंत गेल्या,
कांदा टेबलावरच विसरलेला.
तो घ्यायला वळल्या असतील म्हणून मी उचलला.
त्या स्क्रीनकडे बघत होत्या.
"तो न्हायलेला बी काढून दे एक.
मायले कधी दिसला नाही असा."