हजर

ब्लॉक नंबर चारशे अकरा.
मेणाची वडी, आणि तिच्यात
केरबा चौगले यांच्या जठराचा
तुरीच्या डाळीएवढा तुकडा.
चार मायक्रॉनचा काप काढते,
कोमट पाण्यावर सोडते.
तो पसरतो, सुरकुती सोडतो
दुधावरच्या सायीसारखा,
पण साय याच्यापुढे गोधडीच म्हणायची.
काचेवर अलगद उचलून घेते.

शोधायचंय एक प्रथिन.
त्याचं काम दुसऱ्या जनुकांना सांगणं:
तू बोल. तू थांब.
तुझी वाढ झाली, आता पुरे.
ते जागेवर असलं तर काचेवर काकवीचा रंग चढतो.
नसलं तर पेशी निळ्याच्या निळ्या.

मगदूम मॅडमच्या वहीत एकसष्ट जण आहेत,
कागलचे, गडहिंग्लजचे, हुपरीचे,
दोघे इथलेच, शाहूपुरीतले.
काकवी दाट, तिथे गाठ वरच्या थरात घुटमळलेली.
फिकी, तिथे स्नायूत उतरलेली.
आणि जिथे रंगच नाही,
त्या नावांपुढे मॅडम पेन्सिलीने लिहितात, शाईने नाही.
का, ते मी विचारलेलं नाही.

चारशे अकरा: शून्य.
पुन्हा केलं. शून्य.
त्याच काचेवर शेजारी कंट्रोलचा तुकडा,
कुणाचं तरी धडधाकट पोट, छान तपकिरी.
म्हणजे चूक माझी नव्हती.
असती तर बरं झालं असतं.

गंमत अशी
(गंमत हा शब्द इथे बसत नाही, दुसरा सुचत नाही)
की जनुक कुठे गेलेलं नसतं.
अक्षर न् अक्षर शाबूत.
फक्त पहिल्या ओळीवर बारीक बारीक काहीतरी चिकटतं
आणि वाचायला आलेला दारातूनच परत फिरतो.
मस्टरवर नाव आहे,
माणूस कामावर नाही.

शुक्रवारी तो स्वतःच आला,
मिरजेला दाखवायचं म्हणून ब्लॉक न्यायला.
पायजमा नाडीने आवळलेला,
आत अजून एक जण मावेल असा.
पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं.
पावसाळा सरला की बंधाऱ्याच्या खाचांत बरगे घालायचे,
मे संपता संपता एकेक काढायचे.

"माझं पोट तूच बगितलंस व्हय?"
हो म्हणाले.
"रंग कसला हुता?"
निळा.
"निळा म्हंजे बरंच की."

मला सांगायचा अधिकार नाही.
तरी थोडं सांगितलं, आडून आडून:
आत एक राखणदार असतो, काका,
तुमच्या तुकड्यात तो दिसला नाही.

त्याने खिडकीतून पार्किंगकडे पाहिलं.
"बरगं काढाय माणूस आला न्हाई, म्हण की."

आणि मग, मी दोऱ्याने खोका बांधत असताना,
"एक साल मी बी गेलो न्हवतो.
धाकटीची सोयरीक हुती, म्हटलं उद्या काढू.
रातीत पाणी चडलं, काठ खचला,
नेर्लेकराचा पंधरा गुंठं ऊस मातीसकट गेला.
मस्टरला माझी सही हुती.
कुनी इचारलं न्हाई."

मी काय बोलणार?
रजिस्टर पुढे सरकवलं.
तारीख, ब्लॉक नंबर, 'मिळाला' असं लिहून सही.
त्याने पेन घट्ट धरलं,
सवयीचा हात,
आणि त्या रकान्यात सावकाश लिहिलं:
हजर.

खोडायला हवं होतं.
सोमवारी मॅडमनी पाहिलं, पान उलटलं.
चारशे बारा:
बाई, वय बेचाळीस, इचलकरंजी.
मी पाणी तापायला लावलं.