बारा नंबरची काच

ग्युम्रीत त्या हिवाळ्यात वीज
दिवसाला तासभर यायची,
तीही मनात आलं तर.
भूकंपाला चार वर्षं होऊन गेली होती
आणि आम्ही अजून पत्र्याच्या डब्यात राहत होतो.
सगळे त्याला ‘तात्पुरतं’ म्हणायचे.

झावेन मास्तर पलीकडच्या डब्यातले.
शाळाच उरली नव्हती, तेव्हा मास्तर तरी कसले,
पण हाक चिकटून राहते माणसाला.
एका संध्याकाळी त्यांनी विजेरी उघडली.
आतली चकचकीत वाटी काढून बाजूला ठेवली.
तिला तळाशी भोक होतं,
तरी माझ्या आईनं ती उचलली. असू दे, लागेल.

बल्बपुढे मायक्रोस्कोपचं भिंग,
मग स्लाइड सरकवायला एक चीर,
मग पुठ्ठ्याची नळी, सुताच्या रिळातली,
गिरणी बंद पडल्यापासून रस्त्यावर लोळत असायच्या तशी,
आणि नळीच्या तोंडाशी
त्यांच्या आईच्या चष्म्याची काच,
मोतीबिंदू काढल्यानंतरची, बारा नंबरची,
मधोमध टम्म फुगलेली.
‘म्हातारी हिच्यातून सुईत दोरा ओवायची,’ ते म्हणाले,
‘बघू, उजेड ओवता येतो का.’

पहिल्यांदा चादरीवर उमटली
बल्बमधली तार.
एक पेटलेली अळी, हातभर लांब.
आम्ही पोरं खिदळलो.
मास्तरांनी मध्ये बटर पेपरचा तुकडा घातला,
अळी विरघळली.

मग आला आमचा चौक.
दुकानं, घड्याळाचा खांब, बाल्कन्यांतलं वाळत घातलेलं,
सगळं उलटं, आभाळ जमिनीला.
‘परत पडला!’ माझा धाकटा भाऊ आर्तुश ओरडला.
तो त्या चौकानंतर जन्मलेला.
डब्यात कुणी हललं नाही.
स्टोव्हवरचं पाणी तेवढं बोलत राहिलं.

मास्तरांनी वर्गातला आवाज काढला.
‘वरचा किरण खाली जातो, खालचा वर.
भिंगाचा स्वभाव तो. यात कुणाचा दोष नाही.’
स्लाइड काढली, फिरवून घातली,
आणि नळी मागेपुढे करत
चौक उभा केला.
कडा अंधुक होत्या. मधोमध मात्र
खांबावरचे आकडेसुद्धा वाचता येत होते.

नंतर उंट. नंतर डोळ्याचा उभा छेद,
ज्याला आर्तुश बराच वेळ कांदा समजला.
नंतर सेवान तळ्यावरची सहल,
पाचवीचा वर्ग, वाऱ्यानं उडालेले केस,
आणि कोपऱ्यात बूट हातात घेतलेली एक मुलगी.

शोघिक काकू दाराजवळ उभ्या होत्या,
त्या बसतच नसत कुठे.
त्या पुढे आल्या, चादरीला हात लावला,
तर हाताच्या पाठीवर मुलीचा चेहरा आला.
तळवा उलटून त्या
उजेडाकडे, आमच्याकडे, चालत आल्या.
चेहरा लहान होत गेला आणि विस्कटत गेला.
मी म्हणणार होते, काकू, तिथूनच नीट दिसतं,
पण मास्तर नळी पुढे ओढत होते,
केसभर, आणखी केसभर,
पुठ्ठा करकरत होता,
आणि बारा नंबरच्या काचेनं अखेर
तो चेहरा त्यांच्या तळव्यात ठेवला,
अक्रोडाएवढा. दातातली फट दिसेल इतका स्पष्ट.

काकूंनी मूठ मिटली नाही.
मला वाटलं होतं, मिटतील.
हात थरथरू नये म्हणून
दुसऱ्या हातानं मनगट धरून त्या उभ्या राहिल्या.

बल्ब पिवळा झाला, मग विटकरी.
मास्तरांनी सेल काढले, स्टोव्हच्या कडेवर ठेवले.
तापले की दोन मिनिटं आणखी चालतात.
त्या दोन मिनिटांत कुणी उंट मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी
आमच्या दाराच्या कडीला एक मोजा लटकत होता.
आत चार सेल.
नाव नाही, निरोप नाही.
फक्त त्या दिवसापासून
शोघिक काकूंच्या डब्यातून
सातच्या बातम्या ऐकू आल्या नाहीत.