ठिसूळ, पण

गोलबर्नला, मालगाड्यांच्या यार्डामागं
आमचं लोकरीचं गोदाम.
जूनच्या सकाळी पत्र्यावर दव गोठलेलं,
आत मेंढीच्या चरबीचा तो वास,
जो घरी सोबत आल्याशिवाय राहत नाही.

तीन जातींची यंत्रं होती तेव्हा.
पुढच्या टेबलांवर चार विंडोज,
मिसेस ऑजर्सच्या कोपऱ्यात एक मॅक, तिच्याइतकाच मानी,
आणि मागं, गासड्यांच्या आडोशाला,
विद्यापीठानं भंगारात काढलेली युनिक्सची पेटी.
कुणाचं कुणाशी बोलणं नाही.
प्रिंटर एकच, तोही एकाचंच ऐकणारा.
भावांची फ्लॉपी घेऊन मी
या टेबलावरून त्या टेबलावर,
भांडलेल्या भावंडांमधल्या निरोप्यासारखी.

क्लॅरी व्हेनेबल्स प्रतवारी करायचा.
दोन बोटांत धागा धरून मायक्रॉन सांगायचा, मग यंत्र तेच सांगायचं.
एका शनिवारी तो पावाच्या पिशवीतून सीडी घेऊन आला.
मॅनेजर म्हणाला, फुकट आहे म्हणजे खोट असणार.
क्लॅरी म्हणाला, फुकट सोड, उघडं आहे. आत बघ हवं तर.

कंपनीनं आपल्या बोलीचं व्याकरण कुणाला दिलं नव्हतं म्हणे.
इथून तासाभरावर, कॅनबेरात, कुणीतरी
तारेला कान लावून बसलं:
हा असं म्हणाला की तो काय उत्तर देतो,
आणि गप्प बसला तर किती वेळ.
तान्ह्या पोराला कुठं व्याकरण लागतं?
नाव सांबा. तीन अक्षरं घेऊन शब्दकोश धुंडाळला
तर नाच निघाला.
क्लॅरी जन्मात नाचला नसेल.

रविवारभर तो त्या पेटीसमोर, कोट न काढता.
चौकटी कंसात लिहिलं: लोकर.
खाली, वाचायला: सगळे. लिहायला: सगळे.
आणि अर्धविरामामागं, जिथलं यंत्र वाचत नाही,
स्वतःसाठी: हात धुऊन.

सोमवारी सगळ्यांच्या पडद्यावर एकच कपाट.
विंडोजला वाटलं, समोर आपल्याच घरातलं कुणी आहे.
मिसेस ऑजर्स म्हणाली, हे माझ्याकडं कुणी ठेवलं?
मग तिनं स्वतःहून छापायला पाठवलं,
आणि प्रिंटरनं कुरकुरत का होईना, ऐकलं.

गासडी दोघांत वाटली की अर्धी अर्धी होते.
हे सहा जणांत वाटलं आणि सहाही जणांना
आपल्याकडं पुरं आहे असं वाटलं.
मी फ्लॉपीचा डबा शिवणाच्या सुयांसाठी घरी नेला.

नऊ वर्षांनी, ऑगस्टात, क्लॅरी गेला. बुधवारी.
शुक्रवारी पुरला.
सोमवारी लिलावाची यादी उघडली तर पडदा म्हणाला:
ही फाईल क्लॅरी व्हेनेबल्स वापरत आहेत.
तुम्हाला फक्त वाचता येईल.

चार टेबलं गप्प.
मॅनेजर म्हणाला, जा, मागचं यंत्र बंद कर.

मागं पंखा घुरघुरत होता.
माऊस चरबीनं गुळगुळीत, त्याच्या तळव्याच्या आकाराचा झिजलेला.
हलवला. उजेड आला.
एक्केचाळीसावी ओळ, अठरा पूर्णांक सात,
शेऱ्याच्या रकान्यात: ठिसूळ, पण
आणि पुढं ती उभी रेघ,
लुकलुकत, पाच दिवस.

मेंढीला वाईट दिवस आले की
धाग्यात नेमकी तिथंच बारीक खूण राहते.
ताणला की तिथंच तुटतो.
हे त्यानंच शिकवलेलं.

मी जतन केलं. बंद केलं.
पुढच्या खोलीतून आवाज आला, सुटली!
आणि सगळे एकदमच टाईप करायला लागले, जरा जोरातच.

त्या रकान्याला कुणी हात लावला नाही.
यादी तशीच छापली गेली, साठ प्रती.
लिलावात सिडनीचा एक खरेदीदार
एक्केचाळीसाव्या ओळीवर बोट ठेवून विचारत राहिला:
पण काय?