टेकू

मालेआलेआच्या चढावर पांढरी पिकअप
आजवर कुणी पाहिली नव्हती.
आधी मेंढ्यांनी पाहिली, मग आम्ही.
उतरला तो लुडिक, वय फार तर अठ्ठावीस,
बुटांना अजून दुकानाचा वास.

म्हणाला, चार नंबरचा शाफ्ट उघडतोय.
पंप बसलेत, पाणी रोज दोन मीटर खाली जातंय.
भाव बघितलात ना कुठे गेलाय?

न्तातेंनी भाव बघितला नव्हता.
त्यांनी ब्लँकेटची पिन नीट केली
आणि खोकला येऊन जाईपर्यंत
पाहुण्याला हातानंच बस म्हटलं.

नकाशे उरलेले नाहीत.
कंपनी तीनदा विकली गेली,
तिसऱ्या खेपेला कचेरीतल्या कपाटासकट.
आता दोन किलोमीटर खोल जे काही आहे
ते चार-पाच म्हाताऱ्यांच्या तळपायांत आहे,
आणि त्यातले दोघे मागच्या हिवाळ्यात गेले.

आईच्या डब्यातले मक्याचे दाणे घेऊन
न्तातेंनी टेबलावर खाण मांडली.
ही पिंजऱ्याची जागा.
इथं वाकायचं. इथं वाकूनही डोकं लागतं.
इथं बारा महिने उन्हाळा, अंगावर सदरा नको.
इथं मोसिउवा डबा विसरला,
आणायला मागे गेला.
दाणा ठेवला, बोट त्याच्यावर तसंच राहिलं.

लुडिक फोटो काढत होता.
काढता काढता, सहज आठवल्यासारखं विचारलं,
खांब कुठे कुठे सोडले होते तुम्ही?

बरं. म्हणजे यासाठी आलाय हा.

छत पेलायला दगड जागच्या जागी ठेवत
ते पुढे पुढे गेले होते.
त्या दगडातही सोनं होतं, चिमूटभर.
तेव्हाच्या भावात तो नुसता दगड,
आताच्या भावात धातू.
मधल्या काळात त्यानं काय केलं?
उभा राहिला.

न्ताते हसले. हसण्याचा खोकला झाला.
मग म्हणाले, माझ्या छातीचा फोटो आहे दवाखान्यात,
तोही घेऊन जा.
सतरा वर्षांची धूळ आहे.
टनाला किती ग्रॅम पडतात बघ,
परवडत असेल तर उघडा.

हसावं की नाही, लुडिकला कळेना.
त्यानं चहा अर्धा ठेवला, पाकीट ठेवलं.
जाताना आमच्या छपराकडे बघितलं.
वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून
दगड ठेवलेत आम्ही वर, नदीतले.
सवय असेल त्याची, दगड बघायची.

अंधार पडल्यावर मी सांगून टाकलं.
अर्ज भरलाय मी. बायकांनाही घेतात आता खाली.
आई उठून बाहेर गेली,
बाहेर काही काम नव्हतं.

न्ताते बोलले नाहीत.
हाताच्या एका फटकाऱ्यात
टेबलावरचे सगळे दाणे त्यांनी मोडले
आणि पहिल्यापासून मांडायला घेतले.
या खेपेला नकाशा वेगळा झाला.
पूर्वेचे खांब सकाळपेक्षा हातभर अलीकडे आले,
एक सकाळी नव्हताच, तो आला.
मी काही विचारलं नाही.

ऐक, केनेउवे.
हा कुरकुरतो, त्याला भिऊ नकोस.
हा रात्रपाळीला जास्त बोलतो, म्हाताऱ्यासारखा.
दगड बोलतोय तोवर बरं असतं.
पण हा इथला,
हा गप्प झाला की हातातलं टाक,
डोक्यावरचा दिवा सोडून सगळं,
आणि निघ.
डबा राहिला तर राहू दे.

पाकीट तिथंच होतं, दिव्याशेजारी, न उघडलेलं.
बोलता बोलता त्यांनी ते उचललं
आणि टेबलाच्या आखूड पायाखाली सारलं.
टेबल डुगडुगायचं थांबलं.

सकाळी आईनं तेच दाणे उकडायला घातले.
भिजवलेले नव्हते,
शिजता शिजेनात.